मृत्युपत्र कीं विश्वस्तनिधि? : टाटा बंधूंचीं दोन दानें

आपल्या पश्चात् आपल्या संपत्तीचें काय व्हावें, हा प्रश्न ज्याच्यापाशीं कांहीं संचय आहे अशा प्रत्येक गृहस्थास केव्हां ना केव्हां पडतोच. त्याला मार्ग दोन. एक, मृत्युपत्र लिहून ठेवावें. तें लिहिणाऱ्याच्या हयातींत कितीहि वेळां फिरवितां येतें, आणि त्याचा अंमल त्याच्या मृत्यूनंतरच सुरू होतो. दुसरा, जिवंतपणींच विश्वस्त नेमून संपत्ति त्यांच्या स्वाधीन करावी. पहिल्यांत धनी अखेरपर्यंत धनीच राहतो. दुसऱ्यांत तो आपल्या हातानें धनीपण सोडतो. मुंबईच्या टाटा घराण्यांतील दोघां सख्ख्या भावांनीं हे दोन निरनिराळे मार्ग पत्करले, म्हणून त्यांचा वृत्तांत मनन करण्यासारखा आहे.

जमशेटजी टाटा १९०४ सालीं वारले. त्यांना दोन पुत्र. थोरले दोराबजी, जन्म १८५९. धाकटे रतनजी, जन्म १८७१. दोघांनाहि पुढें सरकारनें ‘सर’ हा किताब दिला. दोघांनाहि औरस संतान नव्हतें. तेव्हां वडिलार्जित आणि स्वतः मिळविलेली संपत्ति कोणास द्यावी, हा प्रश्न दोघांपुढेंहि सारखाच होता.

रतनजी मोठे रसिक व उदार. पाटलिपुत्राच्या उत्खननास त्यांनीं द्रव्य पुरविलें. दक्षिण आफ्रिकेंतील गांधीजींच्या लढ्यास सव्वा लाख रुपये दिले. ते ५ सप्टेंबर १९१८ रोजीं इंग्लंडांत निवर्तले. त्यांनीं मृत्युपत्र करून ठेविलें होतें. त्या अन्वयें त्यांचा अमोल कलासंग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयास, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयास, मिळाला आणि १९१९ सालीं त्यांच्या नांवाचा धर्मादाय निधि उभा राहिला. इच्छा सफल झाली खरी. परंतु ती सफल झालेली पाहण्यास दाता राहिला नव्हता. मृत्युपत्राचा धर्मच तो.

दोराबजींची गोष्ट निराळी. १९२४ सालीं जमशेदपूरचा पोलादाचा कारखाना संकटांत सांपडला, तेव्हां त्यांनीं आपली खासगी मालमत्ता तारण ठेवून एक कोटीचें कर्ज उभारलें होतें. १९३१ च्या जूनमध्यें त्यांच्या पत्नी मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. वृद्ध दोराबजी एकटे पडले. पुढच्याच वर्षीं, मार्च १९३२ मध्यें, त्यांनीं विश्वस्तपत्र करून आपली बहुतेक सर्व संपत्ति लोकहितासाठीं विश्वस्तांच्या हवालीं केली. त्यानंतर ते युरोपांत गेले आणि ३ जून १९३२ रोजीं जर्मनींतील बाड किसिंगेन येथें त्यांचा अंत झाला. विश्वस्तपत्र आणि मृत्यु यांत तीन महिन्यांचेंच अंतर!

या तीन महिन्यांस कायद्याच्या दृष्टीनें फार महत्त्व होतें. भारतीय वारसा कायदा, १९२५, याच्या ११८ व्या कलमान्वयें ज्यास पुतण्या, भाचा किंवा त्याहून निकटचा आप्त असे, त्यास मृत्युपत्रानें धर्मादाय दान करावयाचें तर तें मृत्युपत्र मरणापूर्वीं निदान बारा महिने झालेलें असावें लागे. मरणशय्येवर भिडेनें किंवा भीतीनें दान होऊं नये, हा त्यांतील हेतु. हिंदु-मुसलमानांस हें कलम लागू नव्हतें. पारशांस होतें, आणि त्यांतून त्यांची सुटका १९९१ च्या दुरुस्तीनें झाली. दोराबजींस ही अट बाधली असती कीं नाहीं, हा वादच विश्वस्तपत्रानें उरूं दिला नाहीं. हयातींत दिलेल्या दानास ही मुदतीची अट नव्हती.

त्या निधींतून पुढें मुंबईंत १९३६ सालीं समाजकार्याचें विद्यालय, १९४१ सालीं कर्करोगाचें रुग्णालय आणि १९४५ सालीं मूलभूत विज्ञानाची संशोधनसंस्था उभी राहिली. ज्या रोगाच्या जातीनें मेहेरबाईंस नेलें, त्याच्याशीं झुंजणारें रुग्णालय त्याच धनांतून झालें, हें विशेष.

यावरून एक मार्ग श्रेष्ठ व दुसरा कनिष्ठ असें मात्र समजूं नये. ज्यास स्वतःच्या निर्वाहासाठीं संपत्ति हातीं हवी, किंवा ज्याचा विचार अद्याप ठरावयाचा आहे, त्यास मृत्युपत्रच योग्य. रतनजींनीं तेंच केलें आणि तें वाया गेलें नाहीं. ज्याचा हेतु निश्चित आहे, विश्वासाचीं माणसें जवळ आहेत आणि धनीपण सोडण्याचें धैर्य आहे, त्यास विश्वस्तनिधि शोभतो. दोन्ही मार्गांत वाईट एकच, आणि तें म्हणजे उद्यांवर टाकणें. मृत्यु कांहीं कोणास कळवून येत नाहीं. दोराबजींसहि त्यानें तीनच महिने दिले होते.