नाम की मंत्र? कावेरीकाठची त्रयोदशाक्षरी

तंजावूर–कुंभकोणम मार्गावरील पापनाशम् येथील रामलिंगस्वामी मंदिरात १०८ शिवलिंगे आहेत. लंकेहून परतताना राक्षसवधाचा दोष निवारण्यासाठी रामाने ती स्थापिली, असे स्थलपुराण सांगते. ज्याचे नाम पापनाशक मानले जाते, त्या रामालाच येथे प्रायश्चित्त घ्यावे लागते. पाप विधीने जाते की नामाने, हा प्रश्न या कथेत अभिप्रेत आहे. आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच परिसरात तो शास्त्रार्थाचा विषय झाला.

कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम् येथे समाधिस्थ असलेले बोधेंद्र सरस्वती आणि तिरुविसनल्लूरचे श्रीधर वेंकटेश अय्यावाळ हे नामसिद्धांताचे दोन प्रमुख आचार्य होत. तिरुविसनल्लूर हे गाव तंजावरच्या शहाजीराजांनी (कारकीर्द १६८४–१७१२) विद्वानांना अग्रहार म्हणून दिले होते. नाममाहात्म्य हा केवळ अर्थवाद, म्हणजे स्तुतिपर अतिशयोक्ती होय, असा पूर्वपक्ष या आचार्यांपुढे होता. एका नामोच्चाराने पाप जात असेल, तर धर्मशास्त्रातील प्रायश्चित्ते व्यर्थ ठरतील, ही त्यामागील अडचण. बोधेंद्रांच्या ‘नामामृतरसायन’ व अय्यावाळांच्या ‘भगवन्नामभूषण’ या ग्रंथांचा रोख याच्या उलट आहे: ही वचने शब्दशः घ्यावीत, नामाला अन्य विधीची अपेक्षा नाही. लक्ष्मीधराच्या ‘भगवन्नामकौमुदी’ने या मांडणीची भूमिका आधीच तयार केली होती. मंत्राला दीक्षा, शुचिता, संख्या यांचे बंधन असते; नामाला ते नसते. हा भेद तत्त्वचर्चेपुरता नव्हता. त्यात अधिकाराचा, म्हणजे कोणी उच्चारावे याचा, निर्णय होता.

१६७६ च्या सुमारास एकोजीराजांनी तंजावर घेतल्यानंतर या प्रदेशात रामदासी परंपरेने मूळ धरले. तंजावरला भीमस्वामींचा व मन्नारगुडीला अनंतमौनींचा मठ झाला. या परंपरेचा मंत्र ‘श्रीराम जय राम जय जय राम’ ही त्रयोदशाक्षरी. तिची रचना लक्षणीय आहे: एकदा ‘श्री’, तीनदा ‘राम’, तीनदा ‘जय’. ‘रां रामाय नमः’ या षडक्षरीत बीजाक्षर आहे, चतुर्थी विभक्ती आहे, ‘नमः’ आहे. त्रयोदशाक्षरीत यांपैकी काहीच नाही. व्याकरणदृष्ट्या तो जयघोष आहे. म्हणून तीच अक्षरे जपमाळेवर मौनाने आणि समुदायात टाळांच्या साथीने तितक्याच सहजतेने चालतात.

आचारातही हे द्वैत दिसते. समर्थांनी नाशिकजवळच्या टाकळीस तेरा कोटी जप केला, असे परंपरा मानते. प्रत्येक अक्षरामागे एक कोटी असा हा हिशेब पुरश्चरणाच्या शास्त्राला धरून आहे. येथे त्रयोदशाक्षरी पूर्णपणे मंत्र आहे. ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकातील स्मरणभक्तीच्या समासात मात्र नामाचा अधिकार चारी वर्णांना दिला आहे. लगेचच्या पाचव्या दशकाचे नाव ‘मंत्रांचा’ असून त्याचा आरंभ गुरुनिश्चयाने होतो. नामाचे दार खुले आणि मंत्राच्या उंबरठ्यावर गुरू, अशा दोन्ही गोष्टी समर्थांनी शेजारी ठेवल्या. त्रयोदशाक्षरी हा त्या दोहोंमधला सांधा होय.

तंजावर परिसरात हा सांधा कीर्तनाने अधिक रुंद केला. मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी भजनपद्धतीला सुघटित रूप दिले. तीत संस्कृत, तेलुगू, तमिळ पदांबरोबर मराठी अभंगांनाही स्थान मिळाले. पुढे तंजावूर कृष्ण भागवतर (१८४७–१९०३) यांच्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी हे मराठी छंद तमिळ श्रोत्यांच्या परिचयाचे झाले. मराठी न समजणाऱ्या श्रोत्यालाही रामनामाचा घोष करता येत होता, कारण त्याला भाषांतराची गरज नव्हती.

यास केवळ ‘मराठीचा प्रभाव’ म्हणणे अपुरे ठरेल. सिद्धांताची बैठक संस्कृत मीमांसेची, कीर्तनाचा आकृतिबंध मराठी, श्रोता तमिळ, अशी ही घडण आहे. तुलनात्मक अभ्यासक सामान्यतः अनुवादित संहिता शोधतो. येथे संहिता तेरा अक्षरांची आहे आणि ती अनुवादावाचून प्रवास करते. बदलतो तो तिचा अधिकारी आणि तिच्या उच्चाराचा प्रसंग. पापनाशम्‌च्या १०८ लिंगांपुढे विधी आपले स्थान राखून आहे, तर अवघ्या काही कोसांवर गोविंदपुरम् येथे नाम विधिनिरपेक्ष मानले गेले. त्रयोदशाक्षरीचा इतिहास या दोन भूमिकांमधील अंतर मोजतो, आणि भक्तीच्या व्यवहारात ते अंतर ग्रंथांतल्यापेक्षा बरेच कमी होते, हे दाखवून देतो.