ल्युबेकची बाळं

परवा ताईच्या बाळाला बीसीजी द्यायला मीही सोबत गेलो होतो. "दंडावर फोड येईल, पिकेल, घाबरायचं नाही," असं नर्सबाईंनी दोनदा बजावलं. घरी आल्यावर सवयीने नेटवर वाचत बसलो (कुठलीही गोष्ट इन्स्टॉल करायच्या आधी वाचावी, नंतर नाही, हे कळतं हो!) आणि ल्युबेकपाशी अडकलो.

बीसीजीतला 'सी' म्हणजे काल्मेत आणि 'जी' म्हणजे गेरँ. या दोघा फ्रेंच माणसांनी गाईंच्या क्षयाचा जंतू घेतला आणि ग्लिसरीन व बैलाच्या पित्तात भिजवलेल्या बटाट्याच्या कापांवर तो वाढवत राहिले. दर तीन आठवड्यांनी नवा काप. असं 230 वेळा, 13 वर्षं! इतक्या पिढ्यांनंतर जंतूचा दात पडला. 1921 साली पॅरिसमध्ये एका तान्ह्या बाळाला लस पहिल्यांदा पाजली. हो, तेव्हा ती तोंडावाटे देत.

ल्युबेक हे उत्तर जर्मनीतलं जुनं बंदर. 1930 च्या फेब्रुवारीत तिथे नवजात बाळांना लस पाजायला सुरुवात झाली, पहिल्या दहा दिवसांत तीन डोस. मूळ जंतू पॅरिसहून आला होता, पण लस तयार झाली ल्युबेकच्याच इस्पितळात, डॉ. डायके यांच्या प्रयोगशाळेत. आणि तिथेच क्षयाचा खराखुरा, जहाल जंतूही ठेवलेला होता. आपल्या भाषेत बोलायचं तर टेस्ट आणि प्रॉडक्शन एकाच मशीनवर. बाहेर पाठवण्याआधी प्राण्यांवर तपासणीही नाही. मी स्वतः एकदा चुकीची फाईल लाईव्ह सर्व्हरवर टाकली होती. रात्रभर जागून परत घेतली. इथे परत घेण्यासारखं काही नव्हतं.

एप्रिलमध्ये बाळं दगावू लागली. 251 बाळांना लस दिली होती, त्यातली 72 गेली. बाकीच्यांतली बरीच आजारी पडून सावरली. खटल्यात डायकेंना दोन वर्षांची आणि आरोग्य खात्याच्या डॉ. आल्टश्टेटना सव्वा वर्षाची शिक्षा झाली. नर्सबाई सुटल्या. दोष लशीत नव्हता, भेसळीत होता, हेही सिद्ध झालं. पण लस पाजून घेतलेल्या आईला हा फरक कसा सांगणार? मला तरी सुचत नाही.

बरं, मग लस तरी रामबाण आहे का? तसंही नाही. 1968 मध्ये तमिळनाडूत चेंगलपट्टूला प्रचंड मोठी चाचणी सुरू झाली आणि मोठ्यांच्या फुफ्फुसांच्या क्षयावर लशीचा उपयोग होत नाही असं 1979 मध्ये जाहीर झालं. तरी तान्ह्यांना ती देतातच, कारण त्यांच्यात जंतू रक्तातून थेट मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो, आणि तिथे बीसीजी खरंच आडवी येते.

हे सगळं ताईला सांगितलेलं नाही. ती रोज बाळाचा दंड बघते. मीही बघतो. अजून फोड आलेला नाही.