कुणबीण १

या पावसाळ्यात दोन महिने मी एकच पुस्तक वाचत होते. अ‍ॅलेक्स हॅले यांचे 'रूट्स'. मी मराठी माध्यमातली बीए, त्यामुळे एका हाताशी पुस्तक आणि दुसऱ्या हाताशी डिक्शनरी. अंगारकीला टिटवाळ्यात गर्दीमुळे घराबाहेर पडायची सोय नसते, त्या एका दिवसात मात्र पन्नास पाने झाली!

पुस्तक १९७६ साली आले. आफ्रिकेतल्या गांबियामधल्या जुफुरे गावचा कुंता किंते हा तरुण लाकूड आणायला जातो आणि पकडला जातो. १७६७ साली अमेरिकेत त्याला विकतात आणि त्याचे नाव 'टोबी' ठेवतात. तो चार वेळा पळतो, शेवटी त्याचा अर्धा पाय तोडतात. त्याची लेक किझी सोळा वर्षांची असताना विकली जाते आणि आईबापांना पुन्हा कधीच दिसत नाही. तिथे मी पुस्तक मिटून ठेवले. दोन दिवस हातात घेतले नाही.

अशा सात पिढ्या. हॅले यांनी हे सारे लहानपणी आजीच्या तोंडून ऐकले होते. कुंताच्या भाषेतले दोन-चार शब्द त्या घरात पिढ्यान् पिढ्या टिकले होते. पुढे अभ्यासकांनी त्यांच्या वंशावळीतल्या चुका दाखवल्या आणि दुसऱ्या एका कादंबरीतला मजकूर घेतल्याबद्दल हॅले यांना १९७८ मध्ये भरपाईही द्यावी लागली. इतिहास म्हणून ते पुस्तक तपासूनच घ्यावे लागते. पण विकल्या गेलेल्या माणसांनाही आजी-पणजी असते, हे त्याने लाखो घरांत पोचवले.

इतिहास शिकवल्यामुळे सन दिसला की आपल्याकडे तेव्हा काय चालले होते, हे मनात येतेच. १७६७ म्हणजे थोरल्या माधवरावांचा काळ. आपल्याकडे तेव्हा... आणि मला आमच्या घरातला कागद आठवला.

सासरच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती पुतण्या काढतो आहे. प्रुफे तपासायला अर्थातच निवृत्त शिक्षिका काकू! त्यासाठी त्याने जुने मोडी कागद जाणकाराकडून वाचून घेतले. त्यात शके १७०७ चे, म्हणजे इ. स. १७८५ चे एक वाटणीपत्र आहे. दोघा भावांच्या वाटण्या. गाई २, म्हैस १, तांब्याचे हंडे ३, कुणबीण १, पाटा-वरवंटा...

कुणबीण १.

इथे कुणबी समाजातली बाई असा अर्थ नाही. त्या काळच्या कागदांत कुणबीण म्हणजे विकत घेता येणारी, आंदण देता येणारी दासी. पेशव्यांच्या दप्तरात अशा बायकांच्या कितीतरी नोंदी आहेत. दुष्काळात विकलेल्या, परमुलखातून धरून आणलेल्या, बदकर्माच्या आरोपावरून सरकारजमा झालेल्या. कोठीत, मुदपाकखान्यात, पागेत त्यांना राबवत. त्यांची मुलेही धन्याचीच. शिवाजीमहाराजांनी १६७७ मध्ये डच व्यापाऱ्यांना दिलेल्या कौलात माणसांच्या खरेदी-विक्रीला मनाई केली होती, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्यानंतर शंभर वर्षांनी आमच्याच घरात ही ओळ लिहिली गेली. कंपनी सरकारच्या मुलखात गुलामीची कायदेशीर मान्यता गेली ती १८४३ साली.

मी तीस-पस्तीस वर्षे पानिपत शिकवले. १४ जानेवारी १७६१ नंतर आपल्या हजारो बायकामुलांना गुलाम करून नेले, हे सांगताना माझा आवाज दरवेळी भरून यायचा. वर्ग गप्प व्हायचा. पण त्याच काळात आपल्या माजघरात कोण दळत होते, हे मी एकदाही सांगितले नाही. पुस्तकात नव्हते, हे खरे. पण 'मी काय तुमची बटीक आहे?' असे मी स्वतः शंभरदा म्हटले असेल. तो शब्द कुठून आला, याचा विचार मला तरी कधी सुचला नाही.

पुतण्याला म्हटले, हे कुलवृत्तान्तात यायला हवे. तो म्हणाला, "काकू, कशाला? दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. लोक नावे ठेवतील." धाकटे भावजीही त्याच्याच बाजूचे. म्हणाले, "वहिनी, तेव्हा सगळ्यांकडेच असत."

असतील. म्हणून तर लिहायचे.

त्या कुलवृत्तान्तात मीही सासरच्या बदललेल्या नावाने आहे, माहेरचे नाव कंसातसुद्धा नाही. पूर्वी मला त्याचा राग यायचा. पण माझे दुःख आणि तिचे एका तागडीत घालता येणार नाही. माझे निदान एक नाव तरी छापले आहे. मला माहेर होते, पगार होता. तिच्यापुढे फक्त आकडा आहे.

मी मजकूर लिहून दिला आहे. तीनच वाक्ये: 'शके १७०७ च्या वाटणीपत्रानुसार या घरात एक दासी होती. तिचे नाव नोंदलेले नाही. तिच्या कष्टांवर हे घर चालले.' परिशिष्टात नको, त्या पिढीच्या पानावरच हवे. तोवर प्रुफे माझ्याकडेच आहेत!

आपल्या घरातल्या कोणी आजीकडून, आत्याकडून अशा एखाद्या बाईविषयी काही ऐकले असेल, एखादे नाव, एखादी ओवी, 'तिची खोली' म्हणून दाखवलेली जागा, तर मला जरूर कळवा. हॅले यांच्याकडे आजीने जपलेले दोन-चार शब्द होते. आपल्याकडे तेवढेही आहेत का, ते बघू.