खोटा खून, खरा अंधार

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्रजांच्या घरी मेजवानीनंतर एक अजब खेळ रंगे. त्याचे नाव ‘मर्डर’. सर्वांनी चिठ्ठ्या उचलायच्या; एकीवर खुनी, एकीवर डिटेक्टिव्ह. दिवे मालवले की खुन्याने कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवायचा. त्या बिचाऱ्याने किंकाळी फोडून आडवे व्हायचे. मग दिवे लागत आणि डिटेक्टिव्ह उलटतपासणी घेई. खुन्याखेरीज सर्वांनी खरेच बोलायचे, हा मुख्य नियम. मास्तर या नात्याने मला तो फार आवडतो. एकाच्या लबाडीला बाकीच्यांचे सत्य कोंडीत पकडते!

१९३९ साली दुसरे महायुद्ध पेटले. बाँबच्या भीतीने गावेच्या गावे काळोखात बुडाली, मेजवान्या थांबल्या. हॉटेलांतून पियानो वाजवताना हा खेळ पाहिलेल्या बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅटला त्या गमतीची हुरहुर लागली. त्याने ती पटावर मांडली. पत्नी एल्व्हाने पट रेखाटला. १९४४ साली पेटंटचा अर्ज गेला. पण युद्धोत्तर टंचाईमुळे ‘क्लूडो’ बाजारात यायला १९४९ साल उजाडले.

खरे मरण आभाळातून कोसळत असता माणसाला खोट्या मरणाची आठवण यावी, याचे मला नवल वाटत नाही. खेळ संपला की त्यातला मेलेला हसत उठतो!