१६ पिना, ८ अक्षरं

दिवाळीच्या सुट्टीत मालवणच्या घरी जुन्या कॉम्प्युटरला छोटा एलसीडी जोडला. २ ओळी, प्रत्येकीत १६ अक्षरं. मॉनिटर न लावता मशीनचं तापमान नि भरतीची वेळ दिसावी, एवढंच. पण माझा पीएचडीचा विषय लिपी आणि यंत्रं. त्यामुळे तिथे मराठी दिसायलाच हवी होती.

आधी जोडणी. पहिली पिन ग्राउंड. दुसरी ५ व्होल्ट, म्हणजे सप्लायमधली लाल वायर (पिवळीत १२ असतात, सांभाळून!). तिसरी कॉन्ट्रास्टची, तिथला प्रीसेट नीट फिरवला नाही तर डिस्प्ले मेलाय असंच वाटतं. पाचवी ग्राउंडला. डेटाच्या ८ पिनांपैकी ११ ते १४ एवढ्याच पुरतात. प्रत्येक कोड अर्धा-अर्धा करून दोनदा पाठवायचा. या ४, शिवाय चौथी आणि सहावी, अशा ६ वायरी प्रिंटर पोर्टला. शेवटच्या दोन बॅकलाइटच्या.

आता इतिहास. असल्या डिस्प्लेत बहुतेक हिताची कंपनीची १९८० च्या दशकातली एचडी४४७८० ही चिप किंवा तिची नक्कल असते. तिच्या एका प्रचलित आवृत्तीत इंग्रजीसोबत जपानी काताकानाही कोरलेली आहे. कारण १९६९ च्या जपानी मानकाने काताकानाला ८ बिटांच्या कोडात जागा दिलेली होती. त्यासाठी कांजी मात्र बाहेर ठेवावी लागली.

आपलं इस्की मानक १९९१ चं. तेही ८ बिटांचंच, पण नुसत्या कोडाने देवनागरी उमटत नाही. काताकानात एक कोड, एक आकार. आपल्याकडे वेलांटी, जोडाक्षर, रफार जुळवणारं कोणीतरी मधे लागतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेलं जिस्ट कार्ड तेच काम करायचं. म्हणजे प्रश्न फक्त दुर्लक्षाचा नव्हता, यंत्राने अक्षर कशाला मानलं याचाही होता.

या चिपमध्ये स्वतःचे आकार काढायला जागा फक्त ८, प्रत्येक ५ बाय ८ ठिपक्यांचा. ‘मालवण भरती’ला लागतात ९ : म, काना, ल, व, ण, भ, र, त, वेलांटी. एकाने अडलं! शेवटी कान्याच्या जागी इंग्रजी ‘टी’ बसवला. वर आडवी रेघ, मधे दांडा, झाला काना.

काकांनी पाहिलं. “ह्यां काय लिवलंस? मधे मधे तुटलाहा.” खरंच, दोन घरांमध्ये फट असल्याने शिरोरेषा अखंड होतच नाही. तरी त्यांनी ते वाचलं. काकांना बंदरावरचा ३ नंबरचा बावटा लांबून ओळखायची सवय आहे. वाऱ्याचं बोलावणं सांगायला त्याला अक्षर लागत नाही. माझ्या डिस्प्लेला लागतं, आणि ‘ओहोटी’ अजून बसवायची राहिली आहे.