हब मोकळं केलं, भार कोणावर गेला?

पुढच्या चाकांना फ्री व्हील हब बसवा, मायलेज वाढेल. मागे भारी पोलादाचा एक्सल घाला, मग गाडीला मरण नाही. जुनी फोर बाय फोर जीप घेऊन बेंगळुरूच्या जे. सी. रोडवर सुटे भाग शोधणाऱ्या हौशी माणसाला हे दोन सल्ले हमखास मिळतात. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत. पण त्या घेण्याची जी कारणं सांगितली जातात ती चूक आहेत, आणि कारण चुकलं की खर्चाचा क्रमही चुकतो.

आधी मायलेज. पूर्वपक्ष असा, की टू-व्हीलमध्ये चालवतानाही पुढची चाकं आपले हाफ शाफ्ट, क्राउन-पिनियन आणि प्रोपेलर शाफ्ट फुकट फिरवत राहतात. हब सोडलं की चाक एकटं फिरतं आणि इंजिनाचं ओझं हलकं होतं. यातलं यंत्रज्ञान बरोबर आहे, मात्र प्रमाण कोणी तपासत नाही. उदाहरणाला सीजे ३बी जीप धरू. वजन १२०० किलो, वेग ताशी ४० किलोमीटर, एक्सलचं गुणोत्तर ५.३८. पुढचा प्रोपेलर शाफ्ट सहा किलोचा आणि त्याची त्रिज्या अडीच सेंटिमीटर मानली, तर त्याच्या फिरण्यात साठलेली ऊर्जा ५० ज्यूलच्या आसपास येते. गाडीची स्वतःची गतिज ऊर्जा सुमारे ७४,००० ज्यूल. म्हणजे बेंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकात थांबत-सुटत जाताना शाफ्ट थांबवून हजारातला एक भागही वाचत नाही. उरतो तो घट्ट गिअर ऑइलचा आणि जॉइंटचा विरोध. तो सलग अंतरात जाणवतो, सिग्नलवर उभ्या गाडीला नाही.

हबचा जन्मच सलग अंतरासाठी झाला. महायुद्धानंतर उरलेल्या लष्करी जीप रस्त्यावर चालवणाऱ्या अमेरिकी मालकांसाठी आर्थर वॉर्न यांनी १९४८मध्ये सिअॅटल परिसरात अशा हबचा धंदा सुरू केला. बेंगळुरूहून हासनमार्गे सकलेशपूर गाठणारा, सव्वादोनशे किलोमीटर डांबरावर आणि मग चिखलात उतरणारा माणूस त्या मालकांचा वारस म्हणता येईल. त्याने हब जरूर बसवावं. कोडगूच्या कॉफीच्या मळ्यात पावसाळाभर दिवसातून दहादा फोर-व्हील लावणाऱ्या जीपला मात्र चाक शाफ्टला कायम जोडून ठेवणारा कारखान्याचा साधा ड्राइव्ह फ्लँजच बरा. त्यात पाणी शिरायला जागा कमी, आणि घसरड्या उतारावर हब सुटं राहून गेलं हे कळण्याची वेळच येत नाही. हब सुटं असेल तर लिव्हर फोर-व्हीलला असूनही पुढच्या चाकांना ना ओढ मिळते, ना इंजिनाचा ब्रेक.

याहून गंभीर गोष्ट लो गिअरची. या जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढचा एक्सल जोडल्याशिवाय लो लागत नाही. ही अडवणूक नव्हे, मागच्या एक्सलसाठी ठेवलेला बंदोबस्त आहे. पहिला गिअर २.७९८, लो सुमारे २.४६, एक्सल ५.३८, गुणाकार केला तर इंजिनाचा पीळ चाकांपर्यंत ३७ पट होऊन पोहोचतो. एरवी तो पुढे-मागे वाटला जातो. हब सुटं ठेवून लो लावला, की सगळा एकट्या मागच्या शाफ्टवर. अरुंद जागी गाडी वळवायला ही सोय आवडते, आणि सपाटीवर हलक्या पायाने ती चालतेही. चढावर भरल्या गाडीने तसं करणं म्हणजे बनवणाऱ्याने घातलेलं कुलूप स्वतः फोडणं.

आणि तो मागचा शाफ्ट कसा आहे? टोकाला निमुळता, त्यावर चावी आणि नट घालून बसवलेलं हब. गाडीचं वजनही तोच पेलतो, पीळही तोच देतो. नट सैल राहिला तर चावी आणि तिची खाच झिजते, आणि तडा बहुधा तिथूनच जातो. शाफ्ट तिथे तुटला की चाक गाडी सोडून निघून जातं. म्हणून मागच्या एक्सलवर पैसे घालावेत हे मलाही मान्य आहे, पण ते फुल फ्लोटिंग रचनेवर. तिथे चाकाचं हब स्पिंडलवरच्या स्वतःच्या बेअरिंगवर फिरतं, शाफ्टकडे फक्त पीळ उरतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं. तीच जुनी रचना ठेवून फक्त पोलाद भारी केलं आणि वर मोठे टायर चढवले, तर कमजोर जागा नाहीशी होत नाही, आत क्राउन-पिनियनकडे सरकते. तुटका हाफ शाफ्ट रानात बदलता येतो. क्राउन-पिनियन मात्र शिम लावून, दातांमधली फट मोजून, गॅरेजातच बसवावं लागतं.

तेव्हा आधी पुलर लावून मागचं हब काढा, खाच आणि बेअरिंग पाहा, जमल्यास फुल फ्लोटिंग करा. पुढच्या हबचा क्रम त्यानंतर, आणि तेही मायलेजसाठी नव्हे: पुढचा जॉइंट किंवा डिफरेन्शियल वाटेत गेलं तर दोन्ही हब सोडून मागच्या चाकांवर घरी येता येतं, हा त्यांचा मोठा गुण. तो हवा असेल तर महिन्यातून एकदा हब लावून, लिव्हर टू-व्हीललाच ठेवून, दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवावी. नाहीतर हाउसिंगमधलं ऑइल तळाशी बसतं आणि वरचे दात, बेअरिंग, सील कोरडे पडतात.