बोटीचं तिकीट कुठलं काढायचं?

मुंबईच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं पहिलं प्रदर्शन १९४९ साली भरलं आणि दोन-अडीच वर्षांत त्याच्या सहा संस्थापकांपैकी तिघांनी देश सोडला. फ्रान्सिस न्यूटन सूझा त्याच वर्षी लंडनला गेले, सय्यद हैदर रझा १९५० मध्ये पॅरिसला आणि शिल्पकार सदानंद बाकरे १९५१ मध्ये लंडनलाच. तिघंही जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. जातानाची वयं पंचवीस ते एकतीस. तरी गाव निवडताना त्यांच्या वाटा फुटल्या, आणि त्यामागची कारणं आजही परदेशी बिऱ्हाड हलवू पाहणाऱ्या चित्रकाराला ओळखीची वाटतील.

आधीच्या पिढीला हा प्रश्न फारसा पडलाच नव्हता. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायकराव करमरकर १९२० साली शिल्पकला शिकायला निघाले ते लंडनच्या रॉयल अकादमीत. पुतळ्यांची कामं संस्थानिकांकडून आणि सरकारदरबारातून यायची. त्या वर्तुळात लंडनच्या शिक्षणाचं वजन होतं. अमृता शेरगिल १९२९ ते १९३४ पॅरिसला शिकली, पण तिची आई हंगेरियन, घरचं वातावरण युरोपशी जोडलेलं. गिरगाव-दादरच्या पोराला पॅरिस दिसत होतं ते छापील चित्रांतून.

ते जवळ आलं नाझींमुळे. हिटलरच्या काळात युरोपातून निसटलेली काही माणसं मुंबईत येऊन राहिली. ऑस्ट्रियाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासंचालक झाले, रूडी फॉन लायडेन कलासमीक्षा लिहू लागले, इमॅन्युएल श्लेझिंगर चित्रं विकत घेऊ लागले. नेपियन सी रोडवरच्या लँगहॅमरांच्या घरी रविवारी तरुण चित्रकार जमत आणि सेझान, मातिस, पिकासो यांच्यावर बोलणं चाले. मुंबईच्या आधुनिक चित्रकलेवर या तिघांचं ऋण मोठं आहे, आणि ते पुरेसं मोकळेपणाने मांडलं जात नाही.

रझांच्या बाबतीत शेवटचा धक्का एका फोटोग्राफरने दिला. १९४८ साली ते काश्मीरला निसर्गचित्रं काढायला गेले होते. तिथे त्यांची गाठ हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. चित्रं पाहून त्यांनी स्पष्ट सांगितलं, की हात चांगला आहे पण चित्राची बांधणी कच्ची आहे. सेझान नीट बघा. सेझान बघायचा तर फ्रान्सलाच जायला हवं. रझांनी मुंबईतच फ्रेंचचे वर्ग लावले, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवली आणि ऑक्टोबर १९५० मध्ये बोटीत बसले. म्हणजे काय शिकायचं ते आधी ठरलं, गाव त्यातून ठरलं. सुरुवातीच्या फ्रेंच चित्रांत ही बांधणी डोळ्यांना सरळ दिसते: एकमेकांना खेटून उभी चौकोनी घरं, वर सूर्य आणि माणूस कुठेच नाही. १९५६ साली त्यांना ‘प्री द ला क्रितिक’ हा पॅरिसच्या समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले बिगर-फ्रेंच चित्रकार.

गोव्यातल्या साळगावात जन्मलेल्या सूझांचं गणित वेगळं होतं. ‘चले जाव’ चळवळीपायी १९४५ मध्ये जे.जे.तून नाव कापलं गेलेलं, चित्रांवर अश्लीलतेचा ठपका, घराची पोलिसांनी घेतलेली झडती. त्यांना निघायचंच होतं. शिष्यवृत्ती नव्हती, पण इंग्रजी होती, तीही धारदार. शिवाय १९४८ च्या ब्रिटिश कायद्याने राष्ट्रकुलातल्या नागरिकांना ब्रिटनमध्ये येऊन राहायला मोकळीक होती. ती १९६२ मध्ये आवळली गेली. मधल्या चौदा वर्षांत लंडनला जमलेली भारतीय, पाकिस्तानी, कॅरिबियन कलावंतांची दाटी या कायद्याशिवाय समजत नाही.

पण कायदा पोट भरत नाही. पहिली काही वर्षं सूझांचं घर पत्नी मारिया यांच्या नोकरीवर चाललं. मग १९५५ उजाडलं. स्टीफन स्पेंडर संपादक असलेल्या ‘एन्काउंटर’ मासिकात सूझांचा आत्मकथनपर निबंध आला, त्याच सुमाराला व्हिक्टर मस्ग्रेव्ह यांच्या गॅलरी वनमध्ये प्रदर्शन लागलं आणि लंडन त्यांना ओळखू लागलं. कुंचल्याआधी लेखणीने दार उघडलं. पॅरिसमध्ये, परक्या भाषेत, हे घडतं ना.

मडगावच्या लक्ष्मण पैंना मात्र तेच पॅरिस वेगळ्या रीतीने मानवलं. १९५० च्या दशकातली बहुतेक वर्षं तिथे काढून ते गीतगोविंद, रामायण आणि बुद्धचरित्रावरच्या चित्रमालिका रंगवत राहिले आणि पुढे गोव्यात परतून कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

बाकरे चोवीस वर्षं इंग्लंडात राहिले. १९७५ साली ते परतले, तेही मुंबईत नाही, तर कोकणात मुरूड-हर्णैला. तिथेच कलाजगतापासून दूर राहून २००७ मध्ये गेले. मोठ्या शहरात मुक्काम लांबला म्हणजे नाव होतंच असं नाही. गुणवत्तेत बाकरे मित्रांहून उणे होते म्हणून ते मागे पडले, हे पटण्यासारखं नाही.

साठच्या दशकात वारं न्यूयॉर्ककडे वळलं, आणि त्यामागेही पैसा होता. रॉकफेलर घराण्याच्या अनुदानावर मोहन सामंत १९५९ मध्ये, वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये आणि तय्यब मेहता १९६८ मध्ये तिकडे गेले. गायतोंडे आणि तय्यब परत आले. सामंत १९६८ मध्ये कायमचे न्यूयॉर्ककर झाले आणि चित्रांइतक्याच निष्ठेने तिथे सारंगी वाजवत राहिले. सूझासुद्धा १९६७ मध्ये लंडन सोडून तिकडेच गेले. अकोल्याच्या अंबादासांनी तर यातलं एकही गाव धरलं नाही. १९७२ पासून ते नॉर्वेत ऑस्लोला राहिले, पत्नी नॉर्वेची म्हणून, आणि भारतीय चित्रांचा बाजार तिथून कोसो दूर असूनही २०१२ पर्यंत तिथेच रंगवत राहिले.